हजार रुपयांत आठवडा, आणि बाकीचा हिशेब?

गेले काही दिवस आमच्या नातेवाइकांत एक यादी फिरते आहे. ‘हजार रुपयांत चौघांचा आठवडा’ असं तिचं नाव. तांदूळ पाच किलो, कणीक तीन किलो, तूरडाळ अर्धा किलो, बटाटे आणि कांदे दोन-दोन किलो, पालेभाजीच्या चार जुड्या, तेल अर्धा लिटर, दूध दोन लिटर, चहा-साखर, मीठ-मिरची. पुढे सात दिवसांचा तक्ता, सोमवारी काय आणि मंगळवारी काय. आणि सगळ्यात खाली उपदेश: ‘नियोजन केलं तर महागाई काही करू शकत नाही. गरिबी पैशाची नसते, विचारांची असते.’

ही यादी मला चार जणांनी पाठवली. चौघांचाही महिन्याचा हॉटेलचा खर्च या यादीपेक्षा जास्त आहे, हे मला ठाऊक आहे. (रागावू नका. तुम्ही मला ओळखता, मी तुम्हाला ओळखते.)

यादीतल्या एकाही जिन्नसाशी माझं भांडण नाही. काटकसरीशी तर नाहीच नाही. रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला काटकसर शिकवायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. माझं भांडण आहे ते हिशेबाशी. आणि ते एका वाक्यात सांगायचं तर असं: स्वस्त जेवण स्वस्त नसतं. त्याची उरलेली किंमत घरातली बाई भरते, आणि ती कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

आता हे नीट मांडून दाखवते. शिक्षकी पेशा, त्यामुळे फळा-खडूची सवय जात नाही. सांभाळून घ्या.

आधी यादीतलाच हिशेब करू. चार माणसं आणि सात दिवस, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचं एका माणसाचं जेवण. तांदूळ आणि कणीक मिळून आठ किलो, भागिले अठ्ठावीस. माणशी रोजचे २८५ ग्रॅम. म्हणजे पोट भरेल, यात शंका नाही. आता डाळ. अर्धा किलो भागिले अठ्ठावीस. माणशी रोज १८ ग्रॅमसुद्धा नाही. दूध माणशी ७० मिलिलिटर, आणि त्यातच चहा!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या शाकाहारी ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर सांगितलं आहे. म्हणजे यादीत धान्य हवं त्याहून जास्तच आहे, पण डाळ पाव हिश्श्याहूनही कमी. ८५ ग्रॅमच्या मापाने चौघांना आठवड्याला २ किलो ३८० ग्रॅम डाळ लागेल. किलोला १२० रुपये भाव धरला तर २८६ रुपये. यादीत डाळीचे धरलेत साठ. एवढ्या एका जिन्नसाने हजाराची यादी सव्वाबाराशेवर जाते.

सरकारी माप तरी बघा. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळच्या जेवणात २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. एका वेळच्या! आमच्या यादीत कमावत्या माणसालासुद्धा दिवसभरात तेवढी नाही. आता हे ज्या घरात होतं तिथे ‘पोट भरलं’ म्हणतात. पोट भरतंच. भाताच्या डोंगरावर आमटीचं पाणी ओतलं की कोणाचंही भरेल. पण भरलेलं पोट आणि पोसलेलं शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता यादीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरांतली ओळ वाचा. ‘नारळ, कोकम, मसाला, लोणचं घरचं धरलं आहे.’

घरचं! या एका शब्दात सगळी मेख आहे. ज्याचं परसू आहे, परसात माड आहे, रातांब्याचं झाड आहे, शेवगा आणि अळू आहे, त्याला हे ‘घरचं’. ज्याच्या घरी गावाहून वर्षाचे तांदूळ येतात, त्याचा तर आठवडा हजाराच्याही आत बसेल. पण मग ती काटकसर नव्हे, ती जमीन आहे. वडिलोपार्जित जमिनीला नियोजन म्हणायचं आणि ज्याला जमीन नाही त्याला अविचारी म्हणायचं, हा कुठला न्याय?

आमच्याच गावात बघा. मिरकरवाड्याच्या होड्यांवर खलाशी म्हणून आलेली माणसं, आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं, मासळीच्या आणि काजूच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका. नाचणं, शिरगाव, कुवारबाव अशा ठिकाणी एकेका खोलीत ही बिऱ्हाडं राहतात. त्यांना परसू नाही, मागच्या दाराला भिंत आहे. त्यांना नारळ विकत, कोकम विकत, कढीपत्त्याची काडीसुद्धा विकत. २०२५ साली नारळाचे भाव कुठे जाऊन पोचले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आठवड्याला चार नारळ, एकेक नुसता तीस रुपयांचा धरला तरी यादीत १२० रुपयांची भर पडते.

आणि गंमत अशी की गरिबाला तीच वस्तू महाग पडते. आपण पेन्शनवाले महिन्याचा किराणा एकदम भरतो, तेलाचा पाच लिटरचा डबा आणतो. ज्याची मजुरी आठवड्याला सुटते तो तेल पिशवीने आणि मसाला पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी घेतो. त्याच मसाल्याचा किलोचा भाव काढला तर पुडीवाला आपल्यापेक्षा जास्त पैसे मोजत असतो. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून घरगुती गॅसची जोडणी नाही, म्हणून पाच किलोचं सुटं सिलिंडर, आणि त्याचा किलोमागे दर मोठ्या घरगुती सिलिंडरपेक्षा चढा. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणजे होडीवरची कमाई बंद, मग वाण्याकडे वही. वहीवर घेणाऱ्याला भाव विचारायची सोय नसते. अशा माणसाला ‘घाऊक आणा, स्वस्त पडतं’ म्हणून सांगणं ही थट्टा आहे.

इथपर्यंत पैशाचं झालं. आता वेळेचं.

यादीच्या तक्त्यात बुधवारी डाळिंब्यांची उसळ आहे. झकास पदार्थ, आणि खरोखर स्वस्त. पण ज्याने तक्ता केला त्याने आयुष्यात एकदा तरी वाल सोलले आहेत का? आदल्या दिवशी वाल भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. चौघांपुरते सोलायला पाऊण तास जातो. फणसाची कुयरी स्वस्त, पण विळीला तेल, हाताला तेल आणि चिकाशी झटापट. टाकळा पहिल्या पावसात फुकट उगवतो, पण खुडून निवडायला बसावं लागतं. अळूचं फदफदं स्वस्त, जवळा स्वस्त (निवडून, धुऊन, वाळू काढून!). स्वस्त पदार्थांची ही खोड आहे. त्यांत पैसे कमी लागतात, कारण बाकीचं हातांनी भरायचं असतं.

साधा हिशेब करू. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास, आणि निवडणं-भिजवणं-बाजार यांचा अर्धा तास. रोजचे साडेतीन तास, आठवड्याचे साडेचोवीस. आठ तासांचा एक दिवस धरला तर तीन दिवसांची मजुरी झाली, वर अर्धा तास. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाचा दर ३१२ रुपये होता. तीन दिवसांचे ९३६. म्हणजे हजाराच्या यादीत जवळजवळ तेवढ्याच रकमेची मजुरी गडप झालेली आहे! आणि हा दर खड्डे खणण्याचा आहे, सुगरणपणाचा नव्हे.

‘घरच्या कामाला कसली मजुरी?’ हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. त्याचं उत्तर गिरणगावाने पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं आहे. आपल्या रत्नागिरीचीच माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. बायका-मुलं गावी आणि हे खोल्यांत दाटीवाटीने. त्यांना जेवायला घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका चाळीतल्या खोलीत वीस-वीस जणांचा स्वयंपाक करत. महिन्याचे पैसे महिन्याने मिळणार, तोवर किराणा उधार आणि सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेने पैसे कशाच्या भरवशावर दिले? त्याच भात-आमटी-पोळी-भाजीच्या. म्हणजे परक्या माणसांसाठी केलं तर तो व्यवसाय, त्याला कर्ज मिळतं. आणि तोच स्वयंपाक स्वतःच्या घरी केला की त्याची किंमत शून्य!

सरकारही याहून वेगळं वागत नाही. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला केंद्राच्या नियमाने २००९ पासून महिना १००० रुपये मानधन ठरलेलं आहे, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं त्यात आपली भर घालतात, नाही असं नाही. पण मूळ आकडा इतकी वर्षं हलत नाही, याचा अर्थ काय? स्वयंपाक हे काम बायकांना आपोआप येतं आणि जे आपोआप येतं त्याला पैसे कशाला, हाच ना?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं भरला आणि पुरुषांचा ८८. यात एक खोच आहे. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष इकडची काडी तिकडे करत नाहीत, ते या ८८ मिनिटांत मोजलेलेच नाहीत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ताटाचं.

पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी, असं आपण हसत हसत म्हणतो. ते पाणी कोणाच्या वाटीत जातं, हे कधी पाहिलंत? आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई. वर तरंगणारी डाळ त्यांच्याकडे गेली. भाजी संपत आली की ‘मला नको, मला दुपारचं पित्त आहे’ असं म्हणणारी घरात एकच व्यक्ती असते. शेवटी ती बसते तेव्हा पातेल्यात भात असतो, खरवड असते, लोणच्याचा खार असतो. यादीतला हजारचा आकडा जुळतो, तो इथे जुळतो. बजेटमधली तूट सरकार कर्ज काढून भरतं. घरातली तूट बाई स्वतःच्या ताटातून भरते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच, सगळा दोष ताटाला देत नाही. पण एकाच चुलीवरचं खाणाऱ्यांत इतका फरक असेल, तर वाढपाकडे बघायला नको का?

या बाबतीत शाळेने मला एक गोष्ट शिकवली. १९९५ साली मध्यान्ह भोजनाची योजना आली तेव्हा मुलांना जेवण मिळत नव्हतं. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. तो तांदूळ घरच्या डब्यात पडे आणि घरच्या भातात मिसळून जाई. ज्या मुलासाठी आला त्याच्या पोटात किती गेला, कोण सांगणार? मग नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शिजवलेलं अन्न द्या. पुढच्या काही वर्षांत शाळेत चूल पेटली, आणि मुलाचं ताट मुलासमोर आलं. फरक डोळ्यांना दिसला. घरच्या पातेल्यात टाकलेलं अन्न ठरलेल्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही, ताटात वाढलेलं पोचतं. मुलांच्या बाबतीत सरकारला हे उमगलं. त्याच मुलांच्या आयांच्या बाबतीत हे अजून कोणाच्या डोक्यात येत नाही.

‘पण पूर्वी कसं भागायचं हो?’ हा पुढचा प्रश्न. विचारणारा बहुधा पुण्याचा किंवा न्यू जर्सीचा असतो.

पूर्वी भागत नव्हतं. एवढंच उत्तर आहे. मुंबईहून मनीऑर्डर येई तेव्हा वाण्याचं मागचं देणं फिटे आणि नवं सुरू होई. भाद्रपदात जुनं भात संपलेलं आणि नवं शेतात उभं, तेव्हा घरोघर नाचणी, पेज आणि रानातला पाला हेच जेवण होतं. आज त्याच टाकळ्या-भारंगीचे रानभाजी महोत्सव भरतात आणि नाचणीच्या डब्यावर ‘सुपरफूड’ लिहिलेलं असतं. आनंद आहे. पण ते पदार्थ चवीसाठी शोधलेले नव्हते, भुकेसाठी शोधलेले होते. आणि ‘पूर्वी’च्या त्या घरात जात्यावर, पाट्यावर, विहिरीवर आणि विळीवर मिळून चार बायका राबत होत्या. आज ते सगळं एकटीने करायचं, तेही बाहेर आठ तास काम करून आल्यावर.

१९७२ चा दुष्काळ मी कॉलेजात असताना पाहिला. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. भात खाणाऱ्या आमच्या लोकांच्या घशाखाली ती भाकरी उतरता उतरत नसे. त्या महागाईत मुंबईच्या बायकांनी काय केलं? ‘पाव किलो डाळीत आठवडा’ अशा युक्त्या छापून वाटल्या नाहीत. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, पण पक्ष बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या, आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रवा, रॉकेल रास्त भावात द्या, ही मागणी. त्यांनाही नियोजन येत होतं. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. पण नियोजन कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, हेही त्यांना कळत होतं. आज लाटणं हातात घेतलेली बाई दिसते ती फक्त गृहिणींना शहाणपण शिकवणाऱ्या चित्रांत.

मग काटकसर करूच नये का? करावी की! मीही करते आणि ती कशी करावी हे सांगायला मला लाज वाटत नाही. उलट कोणाच्या उपयोगी पडलं तर आनंदच.

कुळीथ घ्या. रात्री भिजवा, सकाळी भरपूर पाण्यात कुकरला लावा. वरचं पाणी काढून त्याला लसणीची फोडणी आणि दोन आमसुलं टाकली की कढण झालं, एका वेळच्या भाताची सोय. खाली राहिलेल्या कुळथाची संध्याकाळी उसळ. एक शिजवण, दोन जेवणं, गॅस एकदाच. कुळथाचं पीठ घरात असलं की पिठी दहा मिनिटांत होते. एका डाळीवर अडून बसू नका, तूर चढली की मसूर, मूग, चवळी. मे-जूनमधल्या फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून, मातीत घोळवून ठेवा, पावसाळाभर भाजीत पडतात. खात असाल तर मूठभर सुकट वांगं-बटाट्यात टाका, दोघांची भाजी चौघांना रुचीने पुरते. मेतकूट करून ठेवा. मऊ भात आणि मेतकूट ही आजाऱ्याची गोष्ट नव्हे, त्यात डाळी आहेत. आणि बजेट कापायचंच असेल तर साखर कापा, बिस्किटं कापा, फरसाण कापा. डाळ कापू नका.

फक्त यापुढे असा सल्ला देताना वहीत तीन रकाने आखा. पहिला रकाना पैशाचा. दुसरा रकाना तासांचा, आणि त्यात तास कोणाचे तेही लिहा. वाल सोलायला घरातल्या पुरुषांनी बसायला काय हरकत आहे? क्रिकेट बघत बघत छान सोलता येतात, दोन्ही हात मोकळेच असतात. तिसरा रकाना ताटाचा: स्वयंपाक करणारीला शेवटी काय आणि किती मिळालं. हा तिसरा रकाना भरायची लाज वाटत असेल तर एकच नियम करा, सगळ्यांची ताटं एकदम वाढायची आणि एकदम बसायचं. याला एक पैसा पडत नाही. नियोजनवाल्यांना फुकटच्या गोष्टी आवडतात ना, मग ही सगळ्यात फुकट आहे.

आणि घराबाहेर? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव घातलं. चांगलं केलं. अंत्योदयवाल्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पोट भरतंय ते त्याच्याच जोरावर. पण वरचा हिशेब आठवा. कमी काय पडतंय? धान्य नव्हे, डाळ! आणि नेमकी तीच महाराष्ट्राच्या रेशनवर दरमहा मिळत नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर यांच्याबरोबर किलोभर चणाडाळ होती. पण प्रथिनं काय सणापुरती लागतात? तामिळनाडूत रेशनकार्डावर किलोभर तूरडाळ ३० रुपयांत देतात. त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये?

आणि कोकणात तर तूरही नको, कुळीथ द्या. भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर येणारं पीक, वेगळं पाणी मागत नाही, आणि शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. पण केंद्र सरकार ज्या बावीस पिकांचे हमीभाव जाहीर करतं त्यांत कुळीथ नाही. मग शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर पेरावा? सरकारने तो इथल्याच शेतकऱ्याकडून रास्त भावात घ्यावा आणि इथल्याच रेशन दुकानात नि शाळेच्या पातेल्यात घालावा. पडीक शेतं हसतील आणि पोरांच्या वाटीत डाळ दिसेल. यासाठी कोणी अर्ज, सह्या, मोर्चा काही काढणार असेल तर मला सांगा. गुडघे कुरकुरतात, पण लाटणं उचलता येतं.

तोपर्यंत नातेवाइकांना एकच विनंती. ती यादी मला पुन्हा पाठवण्याआधी तिच्यातला आठवडा स्वतः काढून बघा. हजार रुपये घ्या. परसातलं काही तोडायचं नाही, गावाहून आलेलं काही उघडायचं नाही, किराणा पुड्यांनी आणायचा, नोकरी सांभाळून दोन्ही वेळ स्वयंपाक स्वतः करायचा आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेवढंच जेवायचं. सात दिवस. आठव्या दिवशी मला सांगा, गरिबी पैशाची असते की विचारांची. मी ऐकून घेईन. आणि त्या दिवशी जेवायला माझ्याकडेच या. कुळथाचं कढण, डाळिंब्या आणि गरम भात. वाल मात्र तुम्ही सोलायचे.